काजूच्या तेलाबद्दल तीन मतं

काजूच्या टरफलातून निघणारं तेल माणसाला कितपत धोकादायक आहे याबद्दल जगात तीन मतं आहेत. तिन्ही छापील आहेत आणि तिन्ही माझ्या हातांवर उमटून गेलेली आहेत. त्यामुळे या विषयावर चार शब्द लिहायचा मला अधिकार पोचतो, असं मला वाटतं. सत्यवतीला तसं वाटत नाही. सत्यवती माझी पत्नी. तिचं म्हणणं, हात बरे झालेत तर आधी वाटाण्याच्या शेंगा सोला.

मुळात मी या भानगडीत पडायला नको होतं. मी वाचणारा माणूस. औषधाच्या खोक्यात कांद्याच्या सालीसारखा पातळ कागद घडी करून ठेवलेला असतो, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा मी मांडवीतला बहुधा एकटाच असेन. वाचून झाल्यावर बरेचदा मी ते औषध घेत नाही. आमचं घराणं होडीवाल्यांचं. वडील समुद्रावर, थोरला भाऊ होता तोवर समुद्रावर, आता त्याचा मुलगा रूपेश समुद्रावर. मी एका सरकारी कचेरीत जुन्या फायली सांभाळल्या. होडीत पाय ठेवला की मला मळमळतं, ही गोष्ट बंदरावर भरती-ओहोटीइतकी सर्वांना ठाऊक आहे.

आणि आमच्या घरात एक रीत आहे. पावसाळ्यात होडी वर ओढून झावळांच्या खोपीत ठेवतात. खाऱ्या पाण्यातला किडा लाकडाला लागू नये म्हणून तिला बाहेरून काजूच्या टरफलांचं काळं तेल चोपडतात. हे काम ज्यानं केलं असेल त्यानंच नारळी पौर्णिमेला होडीतून समुद्राला नारळ सोडायचा. थोरला कोण, मालक कोण, हे बघायचं नाही. माझ्या वडिलांनी सोडला, भावानं सोडला, रूपेश सोडतो. मी सत्तरीला आलो, माझे हात शाईखेरीज कशानं काळे झाले नाहीत. दर पौर्णिमेला मी जेट्टीवर उभा राहून लोकांच्या चपला सांभाळतो. मला कोणी तसं सांगितलेलं नाही. पण कोणीतरी सांभाळायलाच हव्यात, आणि मी उभाच असतो.

या वर्षी रूपेशची कंबर धरली. वाकता येईना. रात्री जेवताना तेलाचा विषय निघाला. गडी बघावा का, असं रूपेश म्हणत होता.

"मी लावतो," मी म्हणालो.

भावाची बायको, गंगू वहिनी, सुक्या बांगड्याचा काटा काढत होती. तिचा हात थांबला.

"भावजी, कशाला?"

"होडीला."

"ते कळलं मला. कशाला?"

नारळ सोडायचाय, असं सांगायला तोंड उघडलं, पण धीर झाला नाही. सत्तर वर्षांच्या माणसानं चारचौघांत असलं काही मागू नये. "व्यायाम होईल," मी म्हणालो. वहिनीनं माझ्याकडे बघितलं, मग सत्यवतीकडे बघितलं. तिला सगळं कळलेलं असावं, कारण ती एवढंच म्हणाली, "लावा. पण दोन्ही बाजू लावा हां. अर्धी रीत करायची नाय."

दुसऱ्या दिवशी रूपेशनं संगमेश्वरकडच्या एका काजूवाल्याकडून आणलेला तेलाचा डबा माझ्या पडवीत आला. त्यापाठोपाठ शेजारचा दीपक आला. दीपक लोट्याला एका रासायनिक कारखान्यात शिफ्टला होता. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले तरी कंपनीची बस अजून त्याच्या डोक्यात वेळेवर येते. त्यानं डब्याभोवती एक फेरी मारली.

"काका, शीट कुठाय?"

"कसली शीट?"

दीपक खाली बसला. "शीट नाय? काका, आमच्याकडं शीट नसली तर टँकर गेटावरनं परत जायचा. मालक आला तरी आत नाय." मग त्यानं समजावलं. प्रत्येक रसायनाची एक सुरक्षा माहितीची शीट असते. माल कसला आहे, कुठल्या धोक्याच्या वर्गात मोडतो, अंगाला लागला तर काय करायचं, सांडला तर काय, हाताळताना काय घालायचं, उरलेला कुठे टाकायचा, सगळं कलमवार.

"पण हे काजूचं तेल आहे. झाडाचं."

"धोतरा पण झाडाचाच हाय," दीपक म्हणाला.

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, खरं सांगायचं तर आनंदाचा. इतके दिवस मी समजत होतो की होडीला तेल लावणं हे निव्वळ हातांचं काम, आणि तिथे माझ्यासारख्याचं काही चालणार नाही. आता त्यालाही वाचायला काहीतरी आहे असं निघालं! मी लगेच छत्री घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो.

तिथल्या मुलीनं इंटरनेटवर शोधून एक शीट काढली. ती एका परदेशी कंपनीची होती. तिच्यात म्हटलं होतं, या तेलानं त्वचेला खाज येते, काहींना पुरळ उठतं. मी निश्चिंत झालो. मग मनात आलं, एकाच कागदावर विसंबावं का? दुसरी काढायला सांगितली. दुसरीत होतं, त्वचा भाजते, फोड येतात, डोळ्यात गेल्यास गंभीर इजा, पाण्यातल्या जिवांना विषारी. मी घाबरलो आणि निकाल लावण्यासाठी तिसरी मागवली. तिसरी म्हणाली, हा पदार्थ धोकादायक म्हणून वर्गीकृत नाही.

घरी येऊन तिन्ही शीटा मी पलंगावर शेजारीशेजारी मांडल्या. बारीक अक्षरात कारण सापडलं. टरफलातलं तेल कच्चं असलं तर जहाल, चांगलं तापवून काढलेलं असलं तर त्यातलं आम्ल मोडतं आणि ते जरा निवळतं, आणि पुढे शुद्ध करावं तसा धोकाही बदलतो. म्हणजे आपल्या डब्यातलं तेल कुठल्या प्रकारचं, एवढाच प्रश्न उरला. रूपेशकडून नंबर घेऊन मी काजूवाल्याला फोन लावला.

"तुमचं तेल कच्चं की तापवलेलं?"

"कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं. कशासाठी विचारतोय तेही सांगितलं. बराच वेळ पलीकडून फक्त टरफलं फुटल्याचा आवाज येत होता.

"तुम्ही खाणार हाव काय ते?"

"छे, छे."

"मग? लावा की!"

तापवलेलं का, हे पुन्हा विचारायचा मला संकोच वाटला. माणूस कामात होता. अशा पेचात शहाण्या माणसानं काय केलं असतं मला ठाऊक नाही. मी मात्र तिन्हींतला सर्वांत वाईट अंदाज धरला. आयुष्यभर मी तेच करत आलो आहे, आणि त्यामुळे माझं कधी फारसं नुकसान झालेलं नाही. फायदाही झालेला नाही.

पुढचे काही दिवस मी ती दुसरी शीट रोज रात्री सत्यवतीला मराठीत अर्थ करून वाचून दाखवली. ती भाकऱ्या थापत असायची. "हातमोजे तेलाला दाद न देणारे असावेत," मी वाचायचो. ती भाकरी उलटायची. "दूषित हातांनी चेहऱ्यास स्पर्श करू नये." ती चुलीतलं लाकूड पुढे सारायची. माझं वाचन तिच्या कानावर जातं पण डोक्यात जात नाही, असं माझं जुनं मत होतं.

शीटेतल्या सूचनेप्रमाणे डब्यावर आणि साठवणीच्या जागेवर धोक्याच्या खुणा लावायला हव्या होत्या. लाल चौकोन टोकावर उभा, आत चित्र. झेरॉक्सवालीनं ती हौसेनं मोठी करून रंगीत काढून दिली. एका चित्रात उद्गारचिन्ह होतं. दुसऱ्यात हातावर थेंब पडून हात खाल्ला जात होता. तिसऱ्यात एक वठलेलं झाड आणि त्याच्या बुंध्याशी उताणा पडलेला मेलेला मासा. खाली संकटकाळी संपर्काचा नंबर छापायचा असतो. तो कोणाचा द्यावा मला सुचेना, म्हणून माझाच दिला. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी खोपीच्या खांबांवर आणि एक होडीच्या पुढच्या टोकाला लावला. लांबून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं काही काम ठळक दिसत होतं.

ते वहिनीलाही ठळक दिसलं.

"भावजी!" ती खोपीतूनच ओरडली. मी घरात होतो. अख्खी आळी बाहेर आली. "माझ्या होडीच्या तोंडावर मेलेला मासा कुणी लावलान?"

"वहिनी, ती आंतरराष्ट्रीय खूण आहे."

"कसली खूण? धंदा बसल्याची? पुनव तोंडावर आली, होडी पाण्यात जायचीय, आणि तिच्या कपाळावर मढं?"

मी समजावू लागलो की ही खूण माशांच्या भल्यासाठीच आहे, तेल पाण्यात सांडू नये म्हणून. पण तोवर आळीत दोन-तीन निरनिराळ्या बातम्या तयार झाल्या होत्या. कोणी म्हणे होडीवर जप्ती आली, कोणी म्हणे सरकारनं खाडीतला मासा खाऊ नका म्हणून सांगितलं. वहिनीकडे नेहमी सुकी मासळी न्यायला येणारी एक बाई दारातनं परत गेली म्हणतात. दीपक मात्र कमरेवर हात ठेवून बघत होता. "काका, एक नंबर. ऑडिटात पास." त्या दिवशी आळीत माझ्या बाजूनं तो एकटाच होता, आणि त्याचं वजन किती हे मला नीटसं ठरवता आलं नाही.

तडजोड अशी निघाली की रूपेशनं मार्कर आणला. माशाच्या डोळ्यावरची फुली मोठं बुबुळ काढून झाकली, मासा सरळ दिसावा म्हणून त्याला वरच्या अंगाला पर काढले, खाली लाटा काढल्या आणि वठलेल्या झाडाला पालवी फोडली. वहिनीचं समाधान झालं. धोक्याचा इशारा असूनही ज्यात मासा मजेत पोहतो आहे असा फलक अन्यत्र कुठे असेल असं मला वाटत नाही.

त्या फलकावरच्या नंबरचं पुढे जे झालं ते लिहायला मला संकोच वाटतो. संकटकाळी संपर्क एवढंच लोकांनी वाचलं. एका बाईंच्या न्हाणीघरात घोरपड शिरली होती, त्यांचा फोन आला. मी तो नव्हे, असं सांगायचं होतं. पण त्या रडकुंडीला आल्या होत्या, म्हणून मी काठी घेऊन गेलो. मी जाईपर्यंत घोरपड गेली होती. त्यांनी चहा दिला आणि पुढच्या वेळी जरा लवकर या म्हणाल्या.

शीटेतलं सर्वांत अवघड कलम विल्हेवाटीचं निघालं. तेलाची फडकी आणि रिकामा डबा स्थानिक नियमांनुसार टाकावा, असं त्यात होतं. स्थानिक नियम काय, हे विचारायला मी एका कचेरीत गेलो. कचेरी कुठली ते सांगत नाही. साहेब सज्जन होते.

"घातक रसायन?" साहेब सावध झाले. "कारखाना कुठे तुमचा? लोट्याला?"

"कारखाना नाही. होडी आहे."

"होडीत उत्पादन करता?"

"मासे धरतात. मी नव्हे, पुतण्या."

"रसायन कुठलं?"

मी शीट पुढे केली. त्यांनी ती उलटी-सुलटी बघितली. झाडापासून काढलेलं आहे म्हटल्यावर त्यांनी मला शेतीच्या कचेरीत पाठवलं. तिथं होडी म्हटल्यावर मत्स्यवाल्यांकडे पाठवलं. तिथं फडकं म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं, कारण फडकी त्यांच्याकडे येत नाहीत. फिरून मी पहिल्या साहेबांसमोर उभा राहिलो तेव्हा ते डबा उघडून जेवत होते.

"अजून हाय काय तेल तुमचं?"

"अजून लावलंच नाही, साहेब."

"अहो, मग एवढ्यात फडकं कुठनं आणलंत?" ते कळवळले. "जाळून टाका झालं."

"धूर विषारी असतो, असं यात आहे."

साहेबांनी घास खाली ठेवला आणि काही क्षण माझ्याकडे नुसतं बघितलं. मीही आयुष्यभर कचेरीच्या त्या बाजूला बसलो होतो. माणसाकडे असं कधी बघतात हे मला माहीत आहे. मी नमस्कार करून बाहेर पडलो.

श्रावणात पावसानं उघडीप दिली. रूपेश म्हणाला, "काका, आज उघाप हाय. आज नाय लावलंत तर पुनवेपातूर सुकणार नाय."

मी तयार होऊ लागलो. रेनकोट घातला. डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याकडून आणलेला मोठा चष्मा, तोंडाला मास्क. हातमोजे तेलाला दाद न देणारे हवे होते, पण मेडिकलवाल्याकडे ते नव्हते. डॉक्टरांचे साधे रबरी होते. तोही रबरच, असं तो म्हणाला. त्याला नको म्हणणं मला जमलं नाही, कारण त्यानं खोकं उघडलं होतं.

मी मोजे चढवणार इतक्यात वहिनी खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. आमच्याकडे काजू फोडणाऱ्या बाया हाताला आधी खोबरेल लावतात, म्हणजे चीक कातडीला धरत नाही. ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत, आणि चांगली आहे.

"हात पुढे करा."

"वहिनी, मी मोजे घालणार आहे."

"घाला की वरनं! मी कुठं नको म्हणते?"

तिनं कोपरापर्यंत खोबरेल चोळलं. दीपक कुंपणापलीकडून ओरडला, "मोजे, काका, मोजे! शीटेत हायत!" मी दोघांनाही दुखवू शकलो नाही. खोबरेलही लावलं आणि त्यावर रबरी मोजेही चढवले. वहिनी खूश, दीपक खूश. जगात इतकी सुरक्षितता एका माणसाला क्वचितच लाभली असेल.

रबराला तेल चालत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे वाचलेलं होतं. तेलाला दाद न देणारे मोजे, याचा अर्थच तो होता. पण खाण्याचं खोबरेल हे तेल म्हणून माझ्या डोक्यात आलंच नाही. ते आमच्या घरात इतकं आहे की त्याला कोणी तेल समजत नाही.

मी ब्रश बुडवला. घराकडची बाजू सुरू केली. लाकूड तेल पीत होतं, रंग गडद होत होता, आणि मला खरोखर आनंद होत होता. भाऊ हे काम करायचा तेव्हा मी जवळ बसून वाचायचो. ब्रशाचा आवाज ऐकायचो. आता तो आवाज माझा होता. मोजे हळूहळू सैल पडत गेले, पिकल्या केळाच्या सालीसारखे बोटांवरून घसरू लागले. आत ओलसर लागत होतं. पण ओलसर पहिल्यापासूनच लागत होतं, कारण आत खोबरेल होतं. कोणतं तेल कुठलं हे मला कळायची सोय माझ्या सुरक्षिततेनंच काढून टाकली होती. त्यात चष्म्यावर वाफ धरली. मी बोटानं तो जरा वर सारला. नाकाला जरा खाज आली, तीही भागवली.

एक बाजू संपली तेव्हा सत्यवती चहा घेऊन आली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवला.

"अहो, बोटं बाहेर आलीत."

खरंच होतं. उजव्या मोज्यातून माझी बोटं बाहेर येऊन हवा खात होती. काळी कुळकुळीत. आणि आता लक्ष दिल्यावर चांगलीच चरचरत होती.

"थांब," मी म्हणालो, "प्रथमोपचाराचं कलम बघू. शीट रेनकोटच्या खिशात आहे. पण दूषित हातांनी..."

"साबण लावा आधी!"

तिनं मला ओढत विहिरीवर नेलं, साबणानं हात घासले, नाक घासलं, पुन्हा घासलं. मग रूपेश स्वतःची कंबर धरून मला रिक्षातून डॉक्टरांकडे घेऊन गेला. खड्ड्यातून रिक्षा उडाली की तो ओरडायचा, मी ओरडायचो. रिक्षावाल्यानं विचारलं, दोघांपैकी पेशंट कोण?

डॉक्टर तरुण होते. मी तिन्ही शीटा त्यांच्यापुढे ठेवल्या. कागद घेऊन आलेला मी त्यांचा पहिलाच पेशंट. त्यांनी त्या वाचल्या, मग माझे हात उलटेसुलटे करून बघितले. उजव्या हाताला फोड आले होते. डाव्याचा मोजा उशिरा फाटला होता, तिथं नुसतं लाल पुरळ. आणि डाव्या करंगळीला काहीही झालं नव्हतं.

"काका," डॉक्टर म्हणाले, "तिन्ही बरोबर आहेत."

त्यांनी दोन्ही हातांना मनगटापर्यंत जाड बँडेज केलं. नाकाच्या शेंड्यालाही मलम लावून पट्टी मारली. घरी येताना फक्त एकच गोष्ट मला टोचत होती. एक बाजू राहिली होती. आभाळ भरून येत होतं, पौर्णिमा जवळ होती, आणि अर्धी रीत करायची नाही असं वहिनीनं बजावलं होतं. नारळ गेला. यंदाही चपलाच.

खोपीजवळ आलो तर खाडीकडची बाजूही काळीभोर झालेली. तेल एकसारखं लागलेलं, माझ्या बाजूला आले होते तसे ओघळ नाहीत. खोपीच्या मागे सत्यवती हात धूत होती. शेजारी दुधाच्या रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्या आणि रबरबँड पडले होते. पिशव्या तिनं हातांवर चढवून मनगटाशी बांधल्या होत्या.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. तेलाला दाद न देणारं हवं. दुधाच्या पिशवीत बांधून दिलेलं तूप कधी गळलंय का?" तिनं पदराला हात पुसले. "आणि तोंडाला हात लावायचा नाही म्हणून कपाळावरचं घामाचं पाणी पण पुसलं नाही मी. एवढा वेळ वाचलंत, कोणीतरी ऐकायला नको?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता गप बसा. दोन्ही बाजू तुम्ही लावल्यात. मी कोणाला सांगणार नाही."

माझ्या मनात काय काय आलं ते सांगत नाही. त्यातलं बरंचसं मला नारळ मिळणार, असं होतं.

नारळी पौर्णिमेला मी होडीत चढलो. दोन माणसांनी मला धरून चढवलं, कारण बँडेजमुळे मला काही धरता येत नव्हतं. नाकावर पट्टी होती. चपला सांभाळायला दीपक उभा राहिला होता. होडी जेट्टीपासून जराशी पुढे गेली आणि माझ्या पोटात ढवळू लागलं, पण मी क्षितिजाकडे बघत राहिलो. असं करावं, असं वाचलं होतं. वहिनीनं पूजा केली आणि सोनेरी कागद लावलेला नारळ माझ्या दोन बँडेजांच्या मधे ठेवला.

जेट्टीवरून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "काकांनी पण काय तेल लावलंय! खोपीत खाडीकडं होती ती बाजू बघा, आरशासारखी!"

मी गप बसायला हवं होतं. सगळं जमून आलं होतं. पण माझ्या स्वभावात एक खोट आहे: चुकीची नोंद समोर दिसली की मला राहवत नाही. आणि मी, ज्यानं कचेरीत साहेबांसमोर कधी मान वर केली नाही, तो अख्ख्या बंदराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "ती बाजू सत्यवतीनं लावली!"

सत्यवती वहिनीच्या मागे बसली होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"आई, आता?" रूपेशनं विचारलं.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मग होडीकडे. "आता काय? लावील त्यानं सोडायचा. बाईनं सोडू नये असं कुठं हाय? ह्यांच्या आजारपणात मी लावायची तेल. तेव्हा कुणी विचारलंन नाय मला." ती सरकली. "सत्ये, ये पुढं. धर."

सत्यवती आली आणि माझ्या बँडेजांवर तिनं हात ठेवले. नारळ आमच्या मधे.

"सोडा," ती कुजबुजली.

"तू सोड. तुझी बाजू जास्त चांगली झालीय."

"अहो, तुम्हाला सोडायचा होता ना? एवढं सगळं त्याच्यासाठीच केलंत. सोडा!"

"तुला कोणी सांगितलं मला सोडायचा होता म्हणून?"

"दर वर्षी तुमचं तोंड बघते ना मी जेट्टीवर!"

"काका," रूपेश म्हणाला, "मागं होड्या थांबल्यात."

खरंच मागे रांग लागली होती. कोणीतरी भोंगा वाजवला. मी पुन्हा तिला सोड म्हणालो, ती मला, आणि तेवढ्यात एक लाट आली. होडी कलंडली, माझ्या पोटातलं वर आलं, मी गडबडीनं होडीबाहेर वाकलो आणि नारळ गेला. तो कोणी सोडला हे मी आजही सांगू शकत नाही. त्या क्षणी मी समुद्राला दुसरंच काहीतरी देत होतो.

नारळ बुडाला नाही, तरंगत लांब गेला. वहिनी म्हणाली, चांगलं झालं. एवढ्यावर प्रकरण मिटलं.

संध्याकाळी सत्यवतीनं पडवीत बसून माझं बँडेज सोडलं आणि नवं बांधायला घेतलं. मग गाठ मारता मारता म्हणाली, "पुढच्या वर्षी तेल मी लावीन. दोन्ही बाजू. तुम्ही ते कागद वाचून दाखवा."

मला भरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या वाचनाला तिनं असं काम कधी दिलं नव्हतं.

"कुठे बसून वाचू? होडीजवळ?"

तिनं माझ्या नाकाकडे बघितलं.

"घरातनं," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा. ऐकू येईल मला."